काचेतला मफलर

वोसेनब्रुक, १२ ऑक्टोबर २००४

बेर्टा,

तुला पत्र लिहायला मला सवड नाही, बटाटे अजून जमिनीत आहेत. पण काम अडलंय आणि इंग्रजी येणारं माझ्या ओळखीचं दुसरं कोणी नाही. बोसफेल्ड मास्तरांना येतं, पण ते लिहायला बसले की भाषण होतं.

तर असं आहे. चर्चमागच्या कबरीतला तो कॅनडाचा पोरगा, ऑर्व्हिल टॅन्स्ली, त्याची बहीण जिवंत निघाली. मास्तरांनी दोन वर्षं कुठंकुठं पत्रं धाडून तिला शोधून काढलं. नाव म्युरिएल, वय चौऱ्याऐंशी, तुझ्या घरापासून मोटारीनं दोन तासांवर राहते असं मास्तर नकाशात बोट ठेवून सांगतात. तिनं मला पत्र पाठवलंय, कारण कबर मी दत्तक घेतलेली आहे. कागदावर १९८५ पासून. त्याआधी आई बघायची आणि आईच्या हाताखाली मी. दर शनिवारी दगड धुवायचा आणि कडेचं गवत कापायचं, बस. एवढ्यासाठी येत्या चार मेला, लढाई संपल्याच्या साठाव्या वर्षाला, मला फुलं देणार आहेत आणि कबरीशेजारी फलक लावणार आहेत. मी नको म्हटलं. कमिटीत सहा माणसं आहेत आणि सहाही बहिरी.

बहीण विचारते, तो कसा गेला. तू माझ्या नावानं तिला इंग्रजीत लिही: विमानातून पडला, पॅराशूट नीट उघडलं नाही, आमच्या ओल्या कुरणात पडला, पडताक्षणी गेला. त्रास झाला नाही. दुपारी माझ्या वडिलांना सापडला, आईनं आंघोळ घातली आणि पांढरा सदरा चढवला. संपलं. फलकावरही हेच येणार आहे.

सोबत फोटो आहे. गावच्या सभागृहात काचेचं कपाट आहे, त्यात त्याचा मफलर ठेवलाय, निळ्या चौकड्यांचा. डोक्याखाली सापडला होता. फोटो बहिणीला दे, तिला बरं वाटेल.

तुझ्या गुडघ्याचं ऐकलं. माझे दोन्ही चालतात.

डीका


ऑन्टारिओ, ९ नोव्हेंबर २००४

डीकाबाई,

मी इकडे आल्याला एकावन्न वर्षं झाली. तेवढ्या काळात तुझी सात पत्रं आली, त्यातली तीन मयताची. म्हणून पाकीट फोडण्याआधी मी खुर्चीत बसून घेतलं.

पत्र इंग्रजीत करून ठेवलंय, पाठवलं मात्र नाही. रागावू नकोस. एक शंका आहे. तो दुपारी सापडला असं तूच म्हणतेस, मग पडताक्षणी गेला हे कुणी पाहिलं? माझा नवरा विम जावा बेटावरच्या लढाईत पलटणीचा कारकून होता. घरच्यांना जाणारी पत्रं तोच टंकायचा. प्रत्येकाला हेच वाक्य, पडताक्षणी गेला, त्रास झाला नाही. तापानं आठवडाभर तडफडलेल्यालासुद्धा. म्हणून हे वाक्य दिसलं की माझे कान उभे राहतात.

आणि त्याला आंघोळ तुझ्या आईनं घातली हे तू किती सहज लिहिलंस गं. त्या आंघोळीवरून आपल्या दोन घरांत बारा वर्षं नववर्षाची कॉफी बंद होती. आपल्याकडची रीत काय, मयत ज्या घरचं त्या घरानं हात लावायचा नाही, पहिल्या शेजाऱ्यानं सगळं करायचं. माझी आई म्हणत होती, पोरगा तुम्हा हॉइटिंकांच्या कुरणात पडला, म्हणजे हॉइटिंकांच्या घरचा, तेव्हा आंघोळ आम्हा लामर्सांची. तुझी आई म्हणाली, त्याचं घर समुद्रापलीकडे, इथं सगळ्यात जवळची जमीन आमची, तेव्हा पहिले शेजारी आम्ही. माझी आई पाण्याचं घमेलं घेऊन तुमच्या दारात उभी होती आणि तुझी आई तिला म्हणाली, "हाक मारली की ये." ती हाक काही आली नाही.

म्युरिएलला मी स्वतः भेटून येते. बर्फ कमी झालं की मुलगी गाडीनं नेईल. तोवर त्या मफलरचा जवळून काढलेला फोटो पाठव. काठ दिसायला हवेत.

बेर्टा


वोसेनब्रुक, २८ नोव्हेंबर २००४

बेर्टा,

तुला भाषांतर करायला सांगितलं होतं, चौकशी नाही.

काठ कशाला हवेत? मफलर आहे तो, नकाशा नाही. कपाटाची किल्ली मास्तरांच्या खिशात असते आणि फोटोसाठी मी त्यांच्या मिनतवाऱ्या करणार नाही.

तो पडताक्षणी गेला. पुरावा हवा तर घे. आई मरेपर्यंत सांगायची, आभाळातून पडलेला माणूस, पण तोंड धुतल्यासारखं स्वच्छ, डोळे मिटलेले, हात छातीवर. तडफडलेला माणूस असा दिसतो का? गप्प पडून गेला. मला माहीत आहे. तेवढं लिही आणि पाठवून दे.

कॉफी बारा नाही, अकरा वर्षं बंद होती. बाराव्या वर्षी तुझी आई आली होती. केक कोरडा झालाय म्हणाली आणि दोन तुकडे खाऊन गेली.

डीका


ऑन्टारिओ, १६ जानेवारी २००५

डीका,

म्युरिएलला भेटून आले. वृद्धांच्या घरात राहते, पण ताठ आहे. चहा तिनंच केला आणि माझ्या कपात साखर किती घालायची ते मला विचारलंसुद्धा नाही. तुझ्याशी जमेल तिचं.

भावाचा एकच फोटो आहे तिच्याकडे, टोपी वाकडी घातलेला. वीस वर्षांचा. घरी गाई होत्या. मफलरचा फोटो तिनं बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, असं काही आमच्याकडे नव्हतं, पण त्यांना हवाई दलातून देत असतील.

मग मी तुझं पत्र बाहेर काढलं. तिनं हात वर करून मला थांबवलं. म्हणाली, "पडताक्षणी गेला हे सरकारनं मला १९४३ मध्येच लिहिलंय. शेजारच्या आर्चीच्या आईलाही तेच लिहिलं होतं, आणि आर्ची बुडून मेला. ते मला नको. मला एवढंच हवंय, त्याच्याजवळ कुणी होतं का. माझी आई मरताना हेच विचारत होती आणि मी तिला हो म्हणून सांगितलं. मी खोटं बोलले की खरं, ते मला मरण्याआधी कळायला हवं."

मी पत्र परत पर्समध्ये ठेवलं. डीकाला विचारून सांगते म्हटलं. निघताना तिनं मला ओटावाहून आलेली त्याची सरकारी फाईल दिली, वाचून परत करायच्या बोलीवर.

डीका, मी तुला पाळण्यापासून ओळखते. तुला काही माहीत नसेल तर तू ओरडतेस. माहीत असेल तर छोटी वाक्यं लिहितेस. तुझं मागचं पत्र सगळं छोट्या वाक्यांचं होतं.

बेर्टा


वोसेनब्रुक, २ फेब्रुवारी २००५

बेर्टा,

हे पत्र दोनदा लिहून शेगडीत घातलं. आता तिसऱ्यांदा लिहिते ते पुन्हा वाचणार नाही. जर्मनांनी शाळेत घोडे बांधले तेव्हाच माझी शाळा सुटली, तेव्हा चुका असतील.

तो पडताक्षणी गेला नाही. मी त्याला जिवंत पाहिलं.

रात्री विमानं गेली की सकाळी शेतात जर्मनांची यंत्रं फसवायला वरून टाकलेले चांदीसारखे कागद पडलेले असायचे, तूही गोळा करायचीस. जर्मनांची बंदी होती, आणि बाबांनी सांगितलं होतं, पुन्हा कुरणात दिसलीस तर कंबरेचा पट्टा काढीन. त्या दिवशी घरचे धारेला उठायच्या आत मी गेले. सोळा कागद मिळाले. सतरावा उचलायला कुंपणाच्या झुडपांखाली वाकले तर तिथं बूट. मग बाकीचा तो. डोळे उघडे होते. माझ्याकडे बघून त्यानं हात उचलला, पुरता नाही, एवढासा, आणि काहीतरी बोलला. मी पळाले.

घरी येऊन कागद गादीखाली कोंबले आणि ताकाची पेज खायला बसले. दोन वाडगे खाल्ले. आई म्हणाली, "आज भूक बरी लागलीय." मी गप्प. बोलले असते तर कुरणात गेले होते हे कळलं असतं. दुपारी बाबा त्याला बघून आले तेव्हा तो गार झाला होता.

म्हणजे पट्ट्याच्या चार फटक्यांच्या भीतीनं मी माणूस मरू दिला. आठ वर्षांची होते हे मला सांगू नकोस. मी माझ्या नातवंडांना आठव्या वर्षी पाहिलंय, त्या वयात सगळं कळतं. आईला सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही, पाद्र्याला तर नाहीच. लोक म्हणतात, डीका किती मायेनं दगड धुते. माया कसली आलीय. दर शनिवारी मी तिथं जाते आणि या वेळी पळत नाही, एवढंच.

त्या बाईला सांग. कुणी होतं का, तर हो, एक मुलगी होती, आणि ती पळून गेली. फुलं मी घेणार नाही. मास्तरांना कारण काय सांगायचं ते मी बघते.

डीका


ऑन्टारिओ, १४ फेब्रुवारी २००५

डीका,

फोन करणार होते, पण तू मध्येच ठेवून दिला असतास. म्हणून लिहिते, आणि तू खाली बसून वाच. बसलीस?

त्याच्याजवळ माझी आई होती.

मी इकडे यायला निघाले त्याच्या आदल्या दिवशी, पेटी भरताना, आईनं मला हे सांगितलं आणि कुणाला न सांगायचं वचन घेतलं. आई पहाटे धारेला गेली होती. आमच्या कुरणात असताना तिला कण्हण्याचा आवाज आला. ती चर ओलांडून तुमच्या हद्दीत शिरली, तेव्हा तिला एक पोर पळताना दिसली. तांबडे लाकडी बूट हातात धरून अनवाणी. गावात तांबडे बूट एकाच पोरीकडे होते.

तू पळालीस तेव्हा आई दहा-बारा पावलांवर होती. तू थांबली असतीस तरी एवढंच झालं असतं की तुम्ही दोघी तिथं बसला असता.

तिनं त्याला हलवलं नाही. फाट्यावर जर्मनांची मोटार उभी होती, हाक मारायची सोय नव्हती. दूध गाळायचं फडकं चरातल्या पाण्यात भिजवून तिनं त्याचं तोंड पुसलं. बादलीतलं कोमट दूध ओंजळीनं पाजलं, दोन-तीन घोट घेतले त्यानं. मग फडकं घडी करून डोक्याखाली दिलं. तो बोलत होता, ते तिला कळलं नाही, तीही बोलत होती, ते त्याला कळलं नसणार. ती त्याला गाईंची नावं सांगत होती म्हणाली, दुसरं काही सुचलं नाही. त्यानं तिच्या एप्रनची नाडी धरली होती. सहाचे ठोके पडायच्या आत गेला. तिनं डोळे मिटले, हात छातीवर ठेवले आणि घरी येऊन उरलेली धार काढली.

आता तुझा मफलर. आपल्या दोन घरांची फडकी एकाच कुंपणावर वाळायची आणि तुझी आई आमची उचलून न्यायची. म्हणून माझ्या आईनं आमच्या फडक्यांच्या काठाला लाल दोऱ्याची फुली घातली होती. फोटो पाहिल्यापासून मला तीच शंका होती. जा आणि बघ.

आई गप्प का राहिली, त्याची तिनं दोन कारणं सांगितली. एक रागाचं. दुपारी घमेलं घेऊन आली तर दारातून परत पाठवली, मग ती म्हणाली, त्यांनाच पहिलं व्हायचंय तर होऊ देत. दुसरं तुझं. हे सगळं बोलली असती तर तुझं नाव निघालं असतं आणि तुझ्या बाबांचा पट्टा.

आणि ती फाईल. १९४७ मध्ये ब्रिटिशांची माणसं ओळख पटवायला कबर उघडून गेली होती, त्यांनी प्रत्येक हाडाचं लिहून ठेवलंय. माझी थोरली नर्स आहे, तिला वाचायला दिलं. कणा दोन ठिकाणी मोडलेला, कंबरेचं हाड फुटलेलं. ती म्हणाली, आजच्या दवाखान्याच्या पायरीवर पडला असता तरी वाचला नसता.

माझंही एक सांगते. मला वाटायचं, तुम्ही हॉइटिंक ती कबर मिरवता. दर शनिवारी साऱ्या गावासमोर. एकावन्न वर्षं मी मनात तुला हसत होते. आता हसू येत नाही.

म्युरिएलला अजून काही सांगितलेलं नाही. तुझं ऐकल्याशिवाय सांगणार नाही.

बेर्टा


वोसेनब्रुक, २६ फेब्रुवारी २००५

बेर्टा,

पत्र आलं त्याच दिवशी सायकल काढली आणि मास्तरांकडे गेले. ते जेवत होते. किल्ली द्या म्हटलं. म्हणाले, "डीकाबाई, ऐतिहासिक वस्तूला हात लावायचा नसतो." मी म्हटलं, ऐतिहासिक वस्तू माझ्या आईनं सोड्यात उकळलीय, मला काय सांगता. काटा खाली ठेवून आले बिचारे.

काच उघडली. घडी उलटी केली. फुली आहे. फिकी पडलीय, विटकरी झालीय, पण आहे. उकळताना आईला ती कशी दिसली नाही, देव जाणे. तुझ्या आईचा टाका मी कुठंही ओळखीन, गाठ एवढी मोठी घालायची की पायमोज्यात टोचायची.

मी तिथल्या बाकावर बसले. मास्तर पाणी आणायला धावले. वाटलं असेल त्यांना, म्हातारी गेली. मी रडले असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. नुसती बसले होते. मग घरी आले आणि दुपारी तीन वाजता अंथरुणावर आडवी झाले ती दुसऱ्या दिवशी गाई बघणारा गडी आला तेव्हा उठले. इतकी मी बाळंतपणातसुद्धा झोपले नव्हते.

आई जन्मभर कोड्यात होती की त्याचं तोंड स्वच्छ कसं. ओठांच्या कडेला पांढरं काहीतरी वाळलं होतं म्हणायची. ते दूध होतं तर. बिचारी चारदा मला विचारून गेली असेल, आणि उत्तर चराच्या पलीकडे वाळत घातलेलं होतं. आपल्या दोघींच्या आया काय बायका होत्या गं. एकीनं माणसाला मरताना हात दिला, दुसरीनं मेल्यावर सदरा दिला, आणि दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत.

म्युरिएलला सगळं सांग. माझं पळणंही सांग, पेजेचे दोन वाडगेही सांग. अर्धं सांगू नकोस.

मास्तर म्हणतात, फलक छापायला गेलाय. मी म्हटलं, परत आणा. "पडताक्षणी" काढा आणि तुझ्या आईचं नाव घाला, हेर्मीना लामर्स. जागा नाही म्हणाले. म्हटलं, माझं नाव काढा, मग होईल जागा.

डीका


ऑन्टारिओ, २० मार्च २००५

डीका,

सांगितलं. सगळं, तुझ्या हुकमाप्रमाणे.

दुधाचं सांगितलं तेव्हा तिनं मला थांबवलं आणि विचारलं, "कोमट होतं? बादलीतलं?" मी हो म्हटलं. ती हसायला लागली. म्हणाली, तो गोठ्यातच बादलीला तोंड लावायचा आणि आमची आई त्याला फडक्यानं झोडायची. मग चष्मा काढून पुसत बसली. बराच वेळ पुसला, काच झिजेल असं वाटलं.

तुझ्यासाठी निरोप दिलाय, जसाच्या तसा लिहिते. "त्या मुलीला सांगा, ऑर्व्हिलनं हात उचलला तो तिला बोलवायला नसेल. लहान पोरं दिसली की तो हात करायचा. सगळ्यांना करायचा. आणि मी आईशी खोटं बोलले नव्हते, त्याबद्दल आभार."

तिला विमानात बसायला डॉक्टर परवानगी देत नाहीत. मला देतात. तिकीट काढलंय, एक मेला पोचते. मला खालच्या मजल्यावरची खोली दे, गुडघ्यासाठी. आणि केक ताजा असू दे.

बेर्टा


वोसेनब्रुक, ३ एप्रिल २००५

बेर्टा,

खोली झाडून ठेवलीय. केकबद्दल आताच काही कबूल करत नाही.

फलक नवा आला. तुझ्या आईचं नाव आहे. कपाटातली चिठ्ठीही बदलली, मास्तर तीन दिवस कुरकुरत होते. आधी लिहिलं होतं "हवाई दलाचा मफलर". आता "लामर्सांचं दूध गाळायचं फडकं" असं लिहिलंय. शाळेची पोरं पूर्वी त्या कपाटाकडे बघतसुद्धा नव्हती, आता नाक लावून उभी असतात.

तू नुसता हात केला होतास हे कळलं, असं मी शनिवारी दगड धुताना त्याला सांगितलं. म्हणजे मोठ्यानं नाही. पण मीही थोडासा हात वर केला. चर्चचा झाडूवाला बघत होता, बघू दे.

आता चार मेचं. मी पुष्कळ विचार केला आणि तुझ्या आईचं बरोबर होतं. हे मी एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस. पोरगा आमच्या कुरणात पडला, म्हणजे आमच्या घरचा. घरच्यांनी हात लावायचा नसतो. तेव्हा त्या सकाळी दगड तू धुवायचास, पहिली शेजारीण म्हणून. म्युरिएल नाही, तेव्हा घरचं माणूस म्हणून मी बाजूला उभी राहीन, हात बांधून. कडेचं शेवाळ तुला नीट निघायचं नाही, तरी मी बोलणार नाही. हाक मारलीस तरच येईन.

बादली आणि पाणी माझं. फडकं मात्र तुझ्या घरून आण. तुमचं इथलं काचेत आहे.

डीका